निरंतर शिक्षणाची वर्गणी आणि पीअर ग्रुप: काही महिने वापरल्यानंतर

सर्टिफिकेट अडकलं म्हणून हे लिहायला बसले. प्रॅक्टिस करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांसाठीची ऑनलाइन वर्गणी कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच: कोर्स बघा, चाचणी द्या, क्रेडिट मिळवा, परवान्याच्या नूतनीकरणाला जोडा. त्यामुळे थेट त्या चौकटीवर येते.

व्हिडिओ चालू असताना मध्येच कोपऱ्यात एक चौकट उगवते, ‘तुम्ही इथे आहात का?’ ठरलेल्या वेळात ‘हो’ दाबलं नाही तर तो तास गैरहजेरीत जातो. चौकटीला आवाज नाही. फोनवर बघत असाल आणि कीबोर्ड उघडा असेल तर ती त्याच्याखाली जाते. नीतिशास्त्राच्या कोर्समध्ये गोपनीयतेच्या मर्यादांचा भाग चालू होता: क्लायंटकडून तिसऱ्याच माणसाच्या जिवाला धोका असेल तर आपलं कर्तव्य काय, कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्याचा १९७६ चा निकाल, आणि त्यानंतर बदललेली प्रॅक्टिस. भाग उत्तम होता. मी वहीत नोंदी घेत होते. तेवढ्यात चौकट येऊन गेली. चाचणी पास झाले, सर्टिफिकेट नाही.

मदत विभागाचं उत्तर आलं: कोर्स पहिल्यापासून बघा. का, म्हणून विचारलं तर ‘सिस्टीममध्ये तसं दिसतंय.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. बऱ्याच ईमेलनंतर कोणीतरी माझे चाचणीचे गुण उघडून बघितले आणि सर्टिफिकेट सुटलं. पण चौकट तशीच आहे. आवाज बंद करून दुसरं काम करणारा माणूस अधूनमधून ‘हो’ दाबत राहिला तर हजर ठरतो आणि मान खाली घालून लिहिणारा गैरहजर, याचा मला अजूनही राग येतो. चाचणी कितीही वेळा देता येते, म्हणजे तिथेही खरी कसोटी नाहीच. सगळी कडक शिस्त त्या एका चौकटीवर.

कोर्सचा दर्जा कमीजास्त आहे. ट्रॉमाचे आणि आत्महत्येच्या जोखमीचे कोर्स चांगले, सेफ्टी प्लॅन, म्हणजे जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर काय करायचं याची लेखी योजना, क्लायंटबरोबर बसून कशी लिहायची ते प्रत्यक्ष करून दाखवलंय. शोकावरचा कोर्स मात्र शिळा. दीर्घकालीन शोकाचं निदान २०२२ मध्ये डीएसएम-५-टीआरमध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, आलं. प्रौढांसाठी तिथे मृत्यूनंतर किमान १२ महिने उलटल्याची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ६ महिन्यांची. रोजच्या कामात हा फरक लागतो. कोर्समध्ये अजून ‘यावर चर्चा सुरू आहे’ एवढंच. मानसशास्त्रज्ञाचं अर्धं ज्ञान दहा-बारा वर्षांत कालबाह्य होतं, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ ड्युबिन यांनी १९७२ मध्येच मांडला होता. ते थोपवायला म्हणून ही वर्गणी भरायची, आणि कोर्सच जुना निघायचा?

इथपर्यंत लिहिलं तेव्हा एकच तारा द्यायचं पक्कं होतं. मग या पंधरवड्याचा पीअर ग्रुप, म्हणजे आमच्यासारख्याच प्रॅक्टिस करणाऱ्यांची केसवर चर्चा करायची बैठक, झाला आणि मजकूर तसाच पाठवायला मन होईना.

हा ग्रुप वर्गणीतच येतो. पैसे भरलेच आहेत तर वसूल करावेत म्हणून नाव दिलं होतं. सहा जण, दर वेळी तेच सहा, दीड तास. केस मांडणारा आधी आपला प्रश्न एका वाक्यात सांगतो, मग ओळख पटेल असा सगळा तपशील गाळून केस, आणि त्यानंतर तो गप्प बसतो. बाकीचे आपसात बोलतात, तो ऐकतो. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट चालवले, तिथून आलेली ही रीत. ही सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठाची देखरेख, नव्हे. क्लायंटची जबाबदारी पूर्णपणे आपलीच राहते, सल्ला घ्यायचा की नाही तेही आपणच ठरवायचं.

मी एक अडकलेली केस मांडली. क्लायंट वेळेवर येतो, प्रत्येक गोष्टीला ‘पटलं’ म्हणतो, गृहपाठ करतो, आणि फरक काही पडत नाही. पुढचं कोणतं तंत्र वापरू, असा माझा प्रश्न होता. तंत्राबद्दल कोणी बोललंच नाही. गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “हा माणूस यांच्यावर कधी चिडलाय का?” पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला: नाराजी बोलून दाखवली तर नातं तुटेल अशी भीती असलेला माणूस थेरपीतसुद्धा आज्ञाधारकच राहील, आणि वरून सगळं सुरळीत दिसेल. पुढच्या सेशनला मी गृहपाठ बाजूला ठेवला आणि आमच्या कामात त्याला काय खटकतंय ते विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग बोलायला लागला. इतक्या महिन्यांच्या व्हिडिओंनी हे मला दिलं नव्हतं.

आपलं आपल्याला दिसत नाही, याला आकडेही आहेत. हॅनन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात ५५० क्लायंटपैकी उपचारात कोणाची स्थिती बिघडेल असं थेरपिस्टना विचारलं. त्यांनी ३ जण सांगितले, प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. २०१२ मध्ये वॉलफिश यांच्या पाहणीत १२९ व्यावसायिकांपैकी एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली धरलं नव्हतं. बंद खोलीत एकट्याने काम करणाऱ्यांना सहा जणांचे कान किती लागतात, ते यावरून कळावं.

तर ग्रुपला पाच तारे, कोर्सना अडीच, चौकटीला शून्य. फक्त क्रेडिटसाठी घेणार असाल तर स्वस्तातलं दुसरं काहीही बघा. एकट्याने प्रॅक्टिस करत असाल तर ग्रुपसाठी घ्या, आणि कोर्स वहीशिवाय, हात माऊसवर ठेवून बघा.

ताजी भर: ग्रुपच्या तासांनाही आता क्रेडिट मिळणार असं त्यांनी कळवलंय. त्यासाठी ग्रुपच्या मीटिंगमध्येही तीच चौकट येणार आहे. एखादा सहकारी क्लायंटच्या मृत्यूबद्दल बोलत असताना आम्ही ‘हो’ दाबत बसायचं! आम्ही सहाही जणांनी लिहून दिलंय की क्रेडिट नको, चौकट नको. उत्तर आलेलं नाही. माझी वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. काय होतंय ते कळलं की इथेच खाली लिहीन.