बर्फातला एक दिवसाचा ट्रेक ग्रुपने करायचाय: हातू पीक की नाग टिब्बा?

जानेवारी-फेब्रुवारीत पुण्या-मुंबईहून दहा-बारा जणांचा ग्रुप निघतो आणि त्यात निम्मे सह्याद्रीत दर वीकेंडला फिरणारे, निम्मे पहिल्यांदाच बर्फ बघणारे असतात. अशा ग्रुपसाठी माझं मत स्पष्ट आहे, हातू.

हातू पीक हिमाचलात, नारकंड्याच्या वर. नारकंडा साधारण 2,700 मीटरवर आणि शिखर 3,400 च्या आसपास, म्हणजे चढाई सातेकशे मीटर, अंतर एका बाजूने सात-आठ किमी. बर्फ पडला की वरपर्यंतचा गाडीरस्ता बंद होतो आणि तोच आपला ट्रेल होतो, दोन्ही बाजूला देवदार आणि फर, वर हातू मातेचं लाकडी मंदिर. रस्ता रुंद असल्यामुळे वाट चुकायची भीती कमी, आणि कुणी दमलं तर एकाला सोबत देऊन कुठूनही परत पाठवता येतं. ग्रुपसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मी मानतो. फक्त जिथे ऊन पोचत नाही त्या वळणांवर जपा, वर भुसभुशीत बर्फ दिसतो पण खाली चाकांनी दाबून काचेसारखा कडक झालेला थर असतो आणि लोक तिथेच आपटतात. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे धातूचे काटे, हवेतच.

नाग टिब्बा उत्तराखंडात, 3,022 मीटर. उंची कमी म्हणून सोपा वाटतो पण तसं नाहीये, कारण पंतवारी गाव बरंच खाली आहे आणि तिथून चढ दीड हजार मीटरच्या घरात जातो, बारी गावातून कळसूबाईला जेवढं चढतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि शेवटचा भाग बर्फातून. म्हणूनच बहुतेक लोक मध्ये एक मुक्काम करतात. जंगल मात्र अप्रतिम, बांज (ओक) आणि बुरांशचं (ऱ्होडोडेंड्रॉन), आणि वरून बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी ही हिमशिखरं दिसतात. पण पायवाट अरुंद आहे, ताज्या बर्फात ती पुसली जाते, बांजाच्या ओल्या पानांवर बर्फ बसला की पाय सरकतो. स्थानिक गाईड लागतोच, आणि एकच गाईड असेल तर ग्रुप फोडता येत नाही, त्यामुळे एकाचा गुडघा दुखला की सगळ्यांचंच शिखर गेलं. सगळे फिट असतील, पहाटे अंधारात निघायची तयारी असेल तरच एका दिवसात करा, नाहीतर सरळ टेंट घेऊन दोन दिवस ठेवा.

प्रवासाचं म्हणाल तर नाग टिब्बा थोडा सोयीचा, डेहराडूनला उतरून मसुरीमार्गे काही तासांत पंतवारी. नारकंड्याला चंदीगड, मग सिमला, मग पुढे साठेक किमी, आणि जोरदार बर्फ झाला की कुफरी-नारकंडा पट्ट्यात गाड्या अडकतात, म्हणून हातात एक जादा दिवस ठेवाच. उत्तराखंडातल्याच सारी गावातून देवरिया ताल हा तलाव तिसरा पर्याय, चढ जेमतेम तीन किमी, पण डेहराडूनहून तिथे पोचायलाच एक दिवस जातो. घरचे ज्येष्ठ, लहान मुलं सोबत असतील तर तो बघा.

कुठेही गेलात तरी दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरायचं हे आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा. जानेवारीत सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, दाट झाडीत अंधार त्याच्या आधीच होतो, आणि सुती टी-शर्ट घामाने भिजलेला असेल तर थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते.