जुन्या पबमधली नळाची बिअर

तरुणपणी जीव लावलेल्या पबमध्ये पुन्हा गेलात, तर लाकडी बाकांआधी नळाची बिअर पाहा. ग्लास 45 अंशांत तिरका धरून भरलेला, वर दोन बोटं फेस, प्रत्येक घोटामागे काचेवर फेसाचं एक कडं: अशा जागेला पूर्ण गुण. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे, बदलून मागा. आंबूस किंवा लोण्यासारखा वास आला तर पिंपापासून नळापर्यंतची नळी बहुधा वेळेवर धुतलेली नसते. तिथे बाटलीच बरी. लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली बिअर, 3 ते 5 अंश सेल्सिअसला छान लागते. पिंपातली एल, म्हणजे त्याहून उबदार तापमानात आंबवलेली बिअर, मात्र 10 ते 13 अंशांवरच हवी, फार गार केली की तिची चव मुकी होते. जुन्या पबना थंड तळघरं असायची, म्हणून एल तिथे इतकी सुरेख जमायची!