लाळेतले पेप्टाइड की क्लोरहेक्सिडीनची गुळणी?

तोंडातले जिवाणू मारायची दोघांची युक्ती मुळात एकच. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो, आणि लाळेतले पेप्टाइड (प्रथिनांसारखेच, पण छोटे तुकडे) काय किंवा क्लोरहेक्सिडीन हे गुळणीतलं जंतुनाशक काय, दोन्ही धन भाराचे. त्यामुळे ते आवरणाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात.

फरक पुढे आहे. लाळेतला एलएल-३७ हा ३७ अमिनो आम्लांचा तुकडा असं आवरण फोडतो. हिस्टॅटिन-५ हा लाळेतलाच दुसरा पेप्टाइड फक्त २४ अमिनो आम्लांचा. त्याचा खरा दरारा मात्र कॅन्डिडा या बुरशीवर, जिवाणूंवर कमी. शिवाय सुटा जिवाणू मारणं सोपं. प्लाकमध्ये, म्हणजे दातांवर साचणाऱ्या थरात, तेच जिवाणू चिकट थराआड एकमेकांना बिलगून बसतात, तिथे पेप्टाइड आतपर्यंत नीट पोचत नाहीत. त्यात हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू आपल्या विकरांनी (एन्झाइमनी) या पेप्टाइडचे तुकडेच करतो. चोरानेच कुलूप गिळावं तसं!

क्लोरहेक्सिडीन या विकरांना दाद देत नाही. ०.१२ ते ०.२ टक्के द्रावणाने गुळणी केली की ते दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून तासन् तास काम करत राहतं. पण दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. म्हणून ते थोड्याच दिवसांसाठी देतात. जुन्या, घट्ट प्लाकपुढे तेही कमीच पडतं.

माझं मत विचाराल तर रोजची राखण लाळेची, गुळणी फक्त दंतवैद्याने सांगितल्यावर. तोंड सतत कोरडं पडत असेल, म्हणजे लाळच कमी पडत असेल, तर आधी त्याचं कारण शोधा. आणि ब्रश दोन्ही बाबतीत लागतोच.