लासोचे अश्रू, सात आवाजांत

ओर्लांदो दी लासो या रेनेसाँसकालीन संगीतकाराची ओळख करून घेणाऱ्याने फिलिप हेरेवेघे यांच्या दिग्दर्शनाखाली ध्वनिमुद्रित झालेली ‘लाग्रिमे दी सान पिएत्रो’, म्हणजे ‘संत पेत्राचे अश्रू’, ही गीतमालिका अवश्य ऐकावी, मात्र सर्वांत आधी ऐकू नये. हा माणूस काय काय करू शकत होता हे ठाऊक असल्याखेरीज येथे त्याने काय काय टाळले आहे, ते कानाला उमगत नाही.

आजच्या बेल्जियममधील मॉन्स येथे जन्मलेला लासो (गोड आवाजापायी त्याला बालपणी तीनदा पळवून नेले, अशी आख्यायिका आहे) कोवळ्या वयातच इटलीत गेला, विशीच्या सुमारास रोममधील सेंट जॉन लॅटरन चर्चचा संगीतप्रमुख झाला आणि १५५६ पासून अखेरपर्यंत म्युनिकच्या बव्हेरियन दरबारात राहिला. लॅटिन, इटालियन, फ्रेंच व जर्मन या चारही भाषांत त्याने सहज संचार केला. १५६८ च्या राजविवाहात त्याने प्रहसनात भूमिकाही केली, आणि ‘मातोना मिआ कारा’ या गाण्यात तर मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये प्रेयसीची आळवणी करत ‘डॉन डॉन डॉन’ असा ठेका धरणारा जर्मन शिपाई उभा केला. पापक्षालनाची स्तोत्रे रचणाराही हाच.

‘लाग्रिमे’ची अर्पणपत्रिका २४ मे १५९४ ची आहे आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी लासो वारला. लुइजी तान्सिल्लोच्या काव्यातील वीस आठोळ्या आणि शेवटी एक लॅटिन मोटेट (अनेक आवाजांची धार्मिक रचना), अशा एकवीस रचना सात आवाजांसाठी बांधलेल्या आहेत. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारल्यावर कोंबडा आरवतो, येशू वळून पाहतो, आणि त्या एका दृष्टिक्षेपाने पेत्राचे उरलेले आयुष्य जळते, एवढाच विषय. ‘कोमे फाल्दा दी नेवे’ या माद्रिगालात, म्हणजे अनेक आवाजांत बांधलेल्या काव्यगीतात, दरीत हिवाळाभर गोठून राहिलेले हिम वसंतातल्या उन्हाने वितळावे, तसे त्याच्या मनातले भय अश्रू होऊन वाहू लागते. असे चित्र हाती आल्यावर तानांची आतषबाजी करण्याचा मोह कोणालाही व्हावा. लासो मात्र बहुधा एका अक्षराला एकच स्वर देतो आणि सातांपैकी कधी तीन, कधी चार आवाज निवडून रंग पालटत राहतो. हेरेवेघे यांनी हा संयम जपला आहे. शेवटच्या मोटेटमध्ये प्रत्यक्ष ख्रिस्त बोलतो, पण त्याच्या बोलण्यात सांत्वन नाही, माझ्या वेदनेकडे पाहा असा ठपका आहे.

सुमारे तासाभराची ही मालिका एका बैठकीत ऐकताना दमछाक होते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय मी वापरतो त्या संगीत-ॲपवर काव्याचा पाठ मिळत नाही आणि दोन रचनांच्या मध्येच जाहिरात वाजते, जे या संगीताच्या बाबतीत निव्वळ क्रौर्य आहे. तेव्हा पुस्तिकेसह तबकडी मिळाल्यास तीच घ्यावी, आणि पहिल्या दिवशी पाच-सहा माद्रिगालांपुढे जाऊ नये.