वाढते पेशीपटल: समतोलाचा हिशेब आणि वेगाचा हिशेब

पेशीपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, आकार दोन मार्गांनी समजून घेता येतो. पहिला मार्ग समतोलाचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार पटलाचे क्षेत्रफळ आणि आतले घनफळ ठरलेले धरायचे आणि पटल वाकवण्याची ऊर्जा ज्या आकारात किमान होते, तो आकार शोधायचा. तांबड्या रक्तपेशीचा दोन्ही बाजूंनी दबलेला आकार या हिशेबातून बराचसा उलगडतो.

वाढणाऱ्या पटलाला मात्र एवढे पुरत नाही, कारण तिथे क्षेत्रफळच बदलत असते आणि प्रश्न वेगाचा होऊन बसतो; हाच दुसरा मार्ग: नवे लिपिड रेणू (ज्या मेदासारख्या रेणूंचे पटल बनलेले असते ते) पटलात किती झपाट्याने शिरतात आणि पाणी त्यातून किती सावकाश आत झिरपते. गोल पुटिकेचे, म्हणजे पटलाच्या बंद पिशवीचे, क्षेत्रफळ दुप्पट झाले, तर गोलच राहण्यासाठी तिचे घनफळ सुमारे २.८ पट व्हावे लागते. पाणी मागे पडले की पटल जादा उरते, पुटिका लांबट होते किंवा तिला नळ्या फुटतात. (दोन समान गोलांत विभागायचे असेल, तर घनफळ दुप्पट झाले तरी भागते.) मेदाम्लांच्या पुटिकांना बाहेरून आणखी मेदाम्ल पुरवल्यावर त्यांचे लांब धागे झालेले प्रयोगांत दिसले आहेत.

वाढ इतकी संथ असेल की पटलाला प्रत्येक टप्प्यावर स्थिरावायला सवड मिळते, तर पहिला मार्ग चालतो आणि सोपाही पडतो. वाढ वेगवान असेल किंवा नवे रेणू पटलाच्या दोन थरांपैकी फक्त बाहेरच्या थरात साचत असतील, तर मी दुसराच मार्ग निवडेन, कारण तिथे अखेरचा आकार वाढीच्या इतिहासावरही अवलंबून असू शकतो.