साडेबासष्टचे एकोणसाठ: जुनी भूभौतिकी पुस्तकं, नऊ महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी एका जुन्या पुस्तकातल्या तक्त्याच्या अक्षावर पट्टी लावून मोजलं. एकोणसाठ मिलिमीटर. घरातल्या शिवणाच्या टेपनेही मोजलं. एकोणसाठच. यायला हवे होते साडेबासष्ट.

ज्यांनी कधी रेझिस्टिव्हिटीचे (जमीन विजेला किती अडवते त्याचे) कर्व्ह हाताने जुळवलेत त्यांच्या पोटात इथेच गोळा आला असेल. इतरांसाठी थोडक्यात: शेतात घेतलेली रीडिंगं लॉग-लॉग (दोन्ही अक्ष दहापटींचे) ट्रेसिंग पेपरवर मांडायची, तो कागद छापील मास्टर कर्व्हवर, म्हणजे आधीच गणित करून काढलेल्या नमुन्यावर, अक्ष समांतर ठेवून सरकवायचा आणि जुळलं की थरांची जाडी वाचायची. त्यासाठी दोन्हीकडची लॉग सायकल, म्हणजे दहापटीचा एक टप्पा, एकाच मापाची लागते. ओरेयाना-मूनींच्या १९६६च्या मास्टर कर्व्हच्या संग्रहात ती ६२.५ मिमी आहे. माझे कोरे कागदही त्याच मापाचे. पुस्तक मात्र ‘मूळ प्रत, उत्तम स्थिती’ म्हणून चौदाशे रुपयांना घेतलेली झेरॉक्स निघाली, तीही ए-फोरमध्ये बसावी म्हणून मशीनने आपल्या मनाने लहान केलेली.

स्पायरल बाइंडिंग बघून पहिल्याच दिवशी चिडलो होतो, पण म्हटलं, अक्षरं दिसतायत ना, बास. चौदाशे वाया जाऊ नयेत या नादात माप बघायचं राहिलं. आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही हो. दोन्ही अक्ष सारखेच आकसले की ४५ अंशांची चढण ४५चीच राहते. आपल्याकडे खाली काळा पत्थर (बेसॉल्ट) असला की एच टाइपच्या (मधला थर सगळ्यात कमी रोधाचा) कर्व्हची शेपटी तशीच वर जाते, आणि ती झकास जुळते. गडबड अंतरात होते. जाडी जिथे वाचतात त्या फुलीपासून एक सायकल लांब असलेली खूण ट्रेसिंग पेपरवर साधारण ०.९४ सायकलीवर येते, म्हणजे जाडी सुमारे १४ टक्के जास्त. पारनेरकडच्या एका विहिरीला मी कठीण खडक सोळा मीटरवर सांगितला होता, तो चौदावर लागला. शेतकरी सभ्य माणूस. फोनवर एवढंच म्हणाला, “सर, दगड सहा-सात फूट आधीच लागला की.” मी मुरमाच्या थरावर ढकललं. त्या शेतकऱ्याला आता फोन करायचाय, अजून केलेला नाही.

लॅपटॉपवर सॉफ्टवेअर असताना हे कशाला, असं घरचेही विचारतात. सॉफ्टवेअर काहीही दिलं तरी काहीतरी जुळवून देतं. कर्व्ह हाताने सरकवताना कळतं की इथे दोन उत्तरं तितकीच बसतायत. जुनी पुस्तकं जमवायला लागलो ते यासाठी, आणि थोडं वासासाठीही.

बाकीच्या पुस्तकांबद्दल लवकर सांगतो. डोब्रिनच्या पुस्तकाची १९६०ची दुसरी आवृत्ती माटुंग्याच्या फुटपाथवर साडेतीनशेला मिळाली. गुरुत्व आणि भूकंपीय पद्धतींचं मूळ समजायला अजूनही तोड नाही. फुटांतून मीटरमध्ये यायची मात्र सवय लावावी लागते, आणि जुन्या सीजीएस एककांतल्या चुंबकीय ससेप्टिबिलिटीला (खडक किती चुंबकित होतो त्याचं माप) आजच्या एसआयमध्ये आणताना ४π ने गुणायला विसरलात तर खेळ खलास. पारसनीसांचं १९६२चं पुस्तक आडनावाच्या ओढीने घेतलं, हे कबूल. स्वीडनमध्ये खाणींच्या शोधकामात मुरलेला माणूस, त्यामुळे तेलाऐवजी धातूची खनिजं आहेत आणि इंग्रजी सुटसुटीत. एका कॉलेजचा ‘रद्द’ शिक्का आहे, मागच्या कार्डावर सत्तावीस वर्षांत दोनच तारखा. पावसाळ्यात त्याला कसर लागली. डांबरगोळ्या ठेवल्या तर आता उघडलं की नाक चुरचुरतं. टेलफर्डचं १९७६चं धूड कपाटाची फळी वाकवतं, पण सगळ्यात जास्त उघडलं जातं तेच.

हे लिहायला घेतलं तेव्हा ओरेयाना-मूनीला एक स्टार देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं. मध्ये दोन दिवस गेले आणि मत थोडं फिरलं. कारण त्या पुस्तकाच्या नावातच आधी ‘टेबल्स’ आहे. प्रत्येक कर्व्हचे आकडे कोष्टकात छापलेत, आणि आकडा कितीही बारीक झेरॉक्स केला तरी आकसत नाही! रविवारी बसून मला नेहमी लागणारे नऊ एच कर्व्ह साडेबासष्टच्या कागदावर टिंबं मांडून स्वतः काढले. दोन ठिकाणी तीन आहे की आठ तेच कळेना, तिथे शेजारच्या आकड्यांवरून अंदाज घेतला. मग पारनेरची रीडिंगं पुन्हा जुळवली. चौदाला थोडं कमी.

म्हणजे पुस्तक चांगलं, प्रत फसवी. विक्रेत्याला लिहिलं तर ‘पुस्तक वाचता येतंय ना?’ असा उलटा सवाल आला. मग तीनशे परत द्यायला तयार झाला, अट अशी की प्रत माझ्या खर्चाने परत पाठवायची. नाही पाठवली. त्यातली कोष्टकं हातची सोडवेनात.

तक्ते असलेलं कुठलंही जुनं पुस्तक घेताना मुखपृष्ठाचा फोटो नको, अक्षावर पट्टी ठेवलेला मागा. मागच्या कप्प्यातले घडीचे कागद मोजून घ्या, पहिल्यांदा गायब होतात ते तेच. मी आता दुसऱ्या एकाकडे त्याच संग्रहाच्या मूळ प्रतीसाठी बोलणी करतोय. तो अठ्ठावीसशे म्हणतोय, मी दोन हजारांवर अडलोय. पट्टी ठेवून फोटो पाठवा म्हटलं तर काल पाठवला, पण इंचांची बाजू वर. अडीच इंचांना किंचित कमी दिसतंय. ते किंचित किती, ते फोटोत अंगठ्याखाली गेलंय.