जुन्या इमारतीवर सोलरचं गरम पाणी: अकरा महिन्यांचा अनुभव

आमची इमारत रेल्वे लाइन्स भागातली. तळमजला धरून चार मजले, बारा बिऱ्हाडं, बांधकाम १९८६ चं. सुरुवातीला इथे काही घरांत तांब्याचे बंब होते, मग गीझर आले. सोलापूर म्हटलं की उन्हाळाच डोळ्यांसमोर येतो, पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटेचं पाणी अंगावर घेववत नाही आणि पावसाळ्यात लहान मुलांना अन् म्हाताऱ्यांना गरम पाणी लागतंच. या महिन्यांत आमच्या वीजबिलातला मोठा वाटा गीझरचाच असायचा.

मागच्या नोव्हेंबरात आठ बिऱ्हाडांनी मिळून गच्चीवर ५०० लिटरचे दोन सोलर बसवले. पाइप आणि स्टँडसह प्रत्येक घराला साडेअठरा हजार रुपये आले. सोसायटीची सचिव म्हणून या कामामागे मीच होते, त्यामुळे बरंवाईट दोन्ही जवळून पाहिलंय.

आधी बिलाचं. हिवाळ्यात आमच्या चार माणसांच्या घराची १८० च्या आसपास युनिटं व्हायची. यंदाच्या जानेवारीत ती ११० वर आली. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते, हे ध्यानात घेतलं की आकडा पटतो. शिवाय घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, म्हणजे वाचतात ती युनिटं वरच्या, महाग टप्प्यातली असतात. शेजारचं नवराबायकोचं घर तर आता शंभराच्या आत राहतं, त्यांची बचत माझ्याहून जास्त जाणवते. उन्हाळ्याचे तीन-चार महिने मात्र काही वाचत नाही, कारण तेव्हा गीझर तसाही बंदच असायचा. ते वगळून माझ्या हिशेबाने घातलेले पैसे साडेतीन ते चार वर्षांत निघतील. विकणाऱ्याने दोन वर्षं सांगितली होती. ते खरं नव्हतं.

खरा प्रश्न जुन्या स्लॅबचा होता. ५०० लिटरची टाकी भरली की स्टँडसकट सहाशे किलोंच्या वर जाते. आम्ही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याने बीम कुठून जातात ते खडूने आखून दिलं आणि स्टँडचे पाय त्या रेषांवरच ठेवायला लावले. त्याची फी द्यायला दोघांचा विरोध होता. मी हट्टाने दिली आणि आजही तेच करीन. जागेवरूनही वाद झाला. फिटरला पाइप कमी लागावा म्हणून जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला टाक्या हव्या होत्या. पण आपल्याकडे २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. ज्या महिन्यात गरम पाणी सर्वांत जास्त हवं, त्याच महिन्यात खोलीची सावली उन्हाने पाणी तापवणाऱ्या काचेच्या ट्यूबांवर पडली असती. आम्ही दक्षिणेच्या कठड्याकडची मोकळी जागा घेतली आणि पाइप वाढला तो वाढू दिला.

काचेच्या ट्यूबांचाच प्रकार घेतला, कारण आमचं पाणी नळाचं आणि बोअरचं मिसळलेलं. फ्लॅट प्लेटमधल्या, म्हणजे सपाट पेटीच्या सोलरमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी चोंदतात. ट्यूबमध्ये क्षार बसतो, पण ती उतरवून धुता येते. ऑगस्टमध्ये एक काढून पाहिली तर बुडाशी वीतभर पांढरा गाळ निघाला. ट्यूबच्या टोकाला आतून चांदीसारखा मुलामा दिसतो. तो पांढुरका पडला की आतली निर्वात पोकळी गेली आणि ती ट्यूब पाणी नीट तापवणार नाही, एवढी खूण लक्षात ठेवा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आमच्याकडे पाहुणे होते, घरात अकरा माणसं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी दोघांना बाराबंदी घालून नंदीध्वजांसोबत जायचं होतं, म्हणून पहाटे चारपासून आंघोळी सुरू झाल्या. शेवटची बादली आठला भरली तीही कडकडीत. बाकीच्या सात घरांपैकी एकाचीही तक्रार आली नाही. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

मार्चमध्ये मात्र डोळ्यांत पाणी यायची वेळ आली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काही नवं नाही. त्या वेळी आणखी दोन दिवस उशीर झाला आणि गच्चीवरची थंड पाण्याची टाकी रिकामी झाली. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘अगं, थंडच्या नळाला गरम पाणी येतंय.’ मला अर्थ कळला नाही. सोलरची थंड लाइन आणि घरांच्या नळांची लाइन एकच होती, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप नव्हती. त्यामुळे सोलरच्या टाकीतलं पाणी उलटं खालच्या नळांना उतरत होतं. टाकी कोरडी पडली, ट्यूबांतलं पाणी दोन दिवस उन्हात वाफ होऊन वरून ओसरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला टँकर आला, आम्ही लगेच पंप लावला, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी गेल्याबरोबर तीन ट्यूब तडकल्या. एक ट्यूब फुटली तरी सगळी टाकी तिथून वाहून जाते. विकत आणलेलं पाणी गच्चीवरून पन्हाळीत जाताना पाहून मला बोलवेना.

आता सोलरला थंड पाण्याच्या टाकीच्या बुडापासून वेगळी लाइन आहे, तिच्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे आणि घरांची लाइन त्याच टाकीला बुडापासून वीतभर वरून काढली आहे. नळ आटले तरी सोलरपुरतं पाणी उरतं. सोलरची टाकी कधी रिकामी झालीच तर ट्यूब थंड झाल्यावर, म्हणजे रात्री किंवा पहाटेच भरायची, असं गच्चीच्या दारावर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहून लावलंय. हे काम पहिल्या दिवशीच करून घ्यायला हवं होतं. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी फिटरला हाच प्रश्न विचारा.

पाइपाचंही सांगते. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत आमचा पाइप वीस मीटर, म्हणजे पहाटे पहिला नळ सोडणाऱ्याला पाच लिटर गार पाणी काढावं लागतं. इथे पाच लिटर पाणी टाकून देणं कुणालाच परवडत नाही. आजी ते वेगळ्या बादलीत धरतात आणि भांड्यांना वापरतात. वरच्या मजल्यावर गरम पाणी लगेच येतं, पण धार बारीक. शॉवरची हौस असेल तर तिथल्यांची निराशा होईल. पाइपावरचं फोमचं वेष्टण सहा महिन्यांत उन्हाने फाटलं. नंतर जाड फोम घालून वरून अॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळला, तेव्हापासून रात्री उशिरासुद्धा पाणी चांगलं राहतं.

पावसाळ्यात सलग ढग असले की तिसऱ्या दिवशी पाणी कोमट होतं. टाकीत विजेची कॉइल बसते, पण आम्ही ती घेतली नाही. एका बादलीसाठी ५०० लिटर तापवायचे आणि बिल आठ घरांत वाटायचं, यात भांडणंच होतील. प्रत्येकाने आपला जुना गीझर ठेवला आणि लागेल तेव्हा दहा मिनिटं लावला. उन्हाळ्यात उलटं, एप्रिल-मेमध्ये पाणी हात भाजेल इतकं तापतं. तेव्हा निम्म्या ट्यूबांवर ताडपत्री टाकतो. घरात लहान मुलं असतील तर थंडचा नळ आधी सोडायची सवय लावा.

महिन्यातून एकदा ट्यूबांवरची धूळ सकाळी ऊन चढायच्या आत पुसावी लागते. ती पाळी आठ घरांत वाटून दिली आहे आणि बहुतेक जण पाळतात.

बाहेर राहिलेल्या चारपैकी दोन घरं आता यायचं म्हणतायत. त्यांना याच टाक्यांवर घेतलं तर थंडीत सगळ्यांनाच कमी पडेल, म्हणून तिसऱ्या टाकीचा विचार चालू आहे. तिला दक्षिणेला जागा आहे, पण खडूच्या रेषा पुसल्या गेल्यात. इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा आखून देणार आहे.